टिनाची शेड कशी टिकते

पत्र्याची इमारत सगळीकडून एकदम कधीच खराब होत नाही. उतारावरच्या उघड्या पत्र्यावर पाऊस पडतो, वाहून जातो आणि ऊन-वारा तो थोड्या वेळात सुकवतो. तिथे वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. बिघाडाची सुरुवात होते ती एका पत्र्यावर दुसरा चढतो त्या फटीत, स्क्रूच्या वायसरखाली, पन्हाळीत साचलेल्या गाळात आणि खांब जमिनीला टेकतो तिथल्या चार बोटांच्या पट्ट्यात. पाणी जिथे थांबते आणि धूळ जिथे ओल धरून ठेवते, तिथेच लोखंड खचते. या जागा पूर्ण इमारतीच्या मानाने फार थोड्या असतात. त्या ठाऊक असल्या तर देखभालीचा खर्च आवाक्यात राहतो. नसल्या तर दर पाच वर्षांनी सगळ्या छताला रंग फासूनही शेड गळतच राहते.

अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड आहे. या गावात आणि आसपासच्या अकोट-तेल्हारा भागात टिन नाही असे घर शोधावे लागेल. राहत्या घरावर टिन, गुरांच्या कोठ्यावर टिन, वावरातल्या खोपडीवर टिन, खत-बियाण्याच्या दुकानामागचे गोदाम टिनाचे आणि जिनिंगची शेडही टिनाची. एकोणिसाव्या शतकात कापसाने वऱ्हाडात रेल्वे आणली. १८६७ साली भुसावळहून निघालेली लाइन नागपूरला पोचली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यासोबत पन्हाळी पत्राही रुळला. पन्हाळी पत्र्याचे पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्याने १८२९ साली घेतले होते. पातळ पत्र्याला नागमोडी घड्या पाडल्या की तो लांबीच्या दिशेने सहजी वाकत नाही, एवढीच त्यामागची कल्पना. त्यामुळे कमी लोखंडात मोठे छत झाकता येऊ लागले. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्ला सोरेल याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि हा पत्रा पावसातही टिकाऊ झाला.

जस्त दोन प्रकारे राखण करते. एक तर ते पत्र्यावर थर धरून हवा आणि पाणी लोखंडापासून दूर ठेवते. दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी ओल येताच आधी जस्त झिजते आणि शेजारचे लोखंड शाबूत राहते. कापलेल्या कडा आणि स्क्रूची छिद्रे लगेच गंजत नाहीत ती यामुळेच. जस्त संपले की मात्र लोखंडाची पाळी येते. म्हणून पत्र्याचे आयुष्य जस्ताच्या जाडीवर ठरते. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर एका बाजूला सुमारे २० मायक्रॉनचा थर असतो. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर तो जेमतेम आठ मायक्रॉन असतो. दुकानात दोन्ही पत्रे सारखेच चकाकतात. वऱ्हाडाच्या कोरड्या हवेत मोकळ्या पत्र्यावरचे जस्त वर्षाला बहुधा एक मायक्रॉनही झिजत नाही, समुद्रकाठी हाच वेग कितीतरी पटींनी वाढतो. वीस वर्षांपुढची देखभाल खरेदीच्या दिवशीच अर्धीअधिक ठरते, म्हणून पत्रा घेताना जाडीबरोबर जस्ताचे वजनही विचारावे.

अलीकडे जस्ताऐवजी ॲल्युमिनिअम आणि जस्त यांच्या मिश्रणाचा थर दिलेले पत्रे जास्त खपतात. त्यात सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनिअम असते. पावसापाण्यात हे पत्रे साध्या जस्ती पत्र्यापेक्षा जास्त टिकतात, पण एक जागा त्यांना मानवत नाही, ती म्हणजे गुरांचा कोठा. शेणमुतातून उठणारा अमोनिया आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनिअमचा थर खालच्या बाजूने खाल्ला जातो. ओल्या सिमेंटचे आणि चुन्याचे शिंतोडेही त्याला सोसत नाहीत. कोठ्यासाठी जाड जस्ताचा साधा पत्रा बरा. तोही उंचावर बसवावा आणि आढ्याशी हवा निघून जायला वाट ठेवावी.

हवा कोरडी असताना लोखंड गंजत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज धरू लागतो. त्या हिशेबाने हिवरखेडच्या लोखंडाला वर्षातले कितीतरी महिने निवांत मिळायला हवेत, पण क्षार मध्ये आले की हिशेब बदलतो. क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि कोरड्या दिवसातही पत्र्यावर ओलसर पापुद्रा धरून ठेवतात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथले भूजल खारे आहे. या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने शेड धुतली, त्याच पाण्याने खांबाच्या बुडाचे काँक्रीट कालवले किंवा भिजवले, तर समुद्रकाठचा त्रास घरबसल्या विकत घेतल्यासारखे होते. धुण्यासाठी कालव्याचे किंवा पावसाचे गोडे पाणी वापरावे.

दुसरा क्षार पोत्यांतून येतो. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात क्लोराइड असते आणि ते लोखंडाचा वैरी आहे. डीएपी आणि इतर अमोनियमयुक्त खतेही ओल धरली की पत्र्याला खातात. खताची पोती पत्र्याच्या भिंतीला टेकवून रचण्याची सवय फार महाग पडते, कारण फाटक्या पोत्यातून सांडलेले खत नेमके भिंतीच्या बुडाशी साचते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवली आणि सांडलेले खत आठवड्याला झाडून काढले, तर भिंतीचे खालचे दोन फूट वाचतात. गोदामाची पत्र्याची भिंत सर्वात आधी तिथेच चाळण होते. सोयाबीनचे कुटार, शेणखत आणि ओली सरकी यांनाही हाच नियम लागू आहे.

कापूस साठवणाऱ्यांना आणखी एका ओलीशी गाठ असते. भाव येईपर्यंत शेतकरी कापूस घरातच ठेवतो आणि डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी गंजीचा वरचा थर ओलसर लागतो. पाऊस नसतो आणि छतालाही भोक नसते. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही थंड होतो. मग जसे दव बाहेरून धरते तसेच आतल्या हवेतल्या बाष्पाचे पत्र्याच्या पोटाला लागून पाण्याचे थेंब होतात. यावर सिलिकॉन लावून काहीही होत नाही. आढ्याशी आणि वळचणीखाली जाळी लावून हवा खेळती ठेवणे हाच इलाज आहे. जिनिंगच्या शेडमध्ये याच ओलीला कैच्यांवर, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींवर, आणि पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांना जोडतात त्या आडव्या दांड्यांवर, बसलेल्या रुईच्या तंतूंची साथ मिळते. तंतूंचा थर ओल धरतो आणि त्याखाली लोखंड गंजते. तोच थर आगीचेही निमित्त असतो. हंगाम संपल्यावर कैच्या वरून खाली झाडून काढण्याचे एकच काम दोन्ही संकटांवर लागू पडते.

यानंतर उन्हाचा विषय येतो आणि वऱ्हाडात तो सर्वांत मोठा आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नेहमीचेच. तेव्हा उघडा पत्रा दुपारी ६५ अंशांपर्यंत सहज तापतो, आणि जानेवारीच्या पहाटे तोच पत्रा दहा अंशांच्या खाली असतो. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या एक लाखांश भागापेक्षा थोडे जास्त वाढते. सहा मीटरचा पत्रा या फरकाने सुमारे चार मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. मे महिन्यात रोजच्या दिवस-रात्रीतही अडीच-तीन मिलिमीटरची हालचाल होते. ही हालचाल रोज स्क्रूला ढकलते. छिद्र लांबट होते, स्क्रू सैल पडतो आणि त्याखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकते. जुन्या छतांवर पत्रा पर्लिनला धरणाऱ्या जे-हुकाखाली डांबरी वायसर असत. ती उन्हात मऊ पडून, मग वाळून भुगा होत. छत गळते तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा पत्रा धडधाकट असतो, दोष वायसरचा असतो.

म्हणून वायसर हा खर्चाचा मान्य भाग समजावा. दहा-बारा वर्षांनी सगळे स्क्रू काढून एक माप जाड नवे स्क्रू नव्या वायसरसह बसवले, तर छताला दुसरे आयुष्य मिळते. स्क्रू पत्र्याला काटकोनात बसावा. वायसर थोडे फुगेल इतकाच आवळावा. फार आवळला तर रबर बाहेर फुटते, कमी आवळला तर पाणी शिरते. पन्हाळी छतावर छिद्र उंचवट्यावर पाडतात, खोलगट भागात नाही, कारण खोलात पाणी वाहते. काम संपल्यावर ड्रिलचा लोखंडी कीस झाडून काढायचा असतो. हे सर्वांत जास्त विसरले जाणारे काम आहे. तो कीस पहिल्याच पावसात गंजतो आणि पत्र्यावर तांबडे ठिपके पाडतो. ग्राइंडरने छतावरच पत्रा कापला तर ठिणग्या रंगात रुतून तसेच ठिपके उठतात. पत्रा खाली जमिनीवर कापावा, शक्यतो कात्रीने.

वाऱ्याचे गणित अनेकांना उलटे वाटते. वादळात छत दबत नाही, उचलले जाते. वारा छतावरून वेगाने जाताना पत्र्याला वर ओढतो आणि शेडची एक बाजू उघडी असली तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. ताशी सुमारे १०८ किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला ३० मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ५५ किलो वजनाइतका भरतो. अर्धा मिलिमीटर जाड पन्हाळी पत्र्याचे वजन मात्र चौरस मीटरला पाचेक किलोच असते. उरलेला सगळा भार स्क्रू, हुक आणि पर्लिन यांच्यावर येतो. छताच्या कडा, कोपरे आणि आढे इथे ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. टिन उडू नये म्हणून वर दगड-विटा ठेवण्याची जुनी सवय घातक आहे. पाच-दहा किलोचा दगड ही ओढ थोपवू शकत नाही. उलट त्याच्याखाली ओल राहून पत्रा तिथेच गंजतो आणि वादळात दगड घरात किंवा माणसावर पडतो. दगडाच्या पैशात हुक येत नाहीत हे खरे, पण एका उडालेल्या छताच्या पैशात शेकडो हुक येतात.

शेडशेजारचे झाड हाही देखभालीचाच भाग आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे वादळी पावसात बाबूजी महाराज संस्थानाच्या टिनशेडवर जुना कडुनिंब कोसळला आणि त्याखाली आश्रयाला थांबलेल्या सात जणांचा जीव गेला. कितीही चांगली शेड मोठ्या झाडाचा आघात सोसू शकत नाही. पावसापूर्वी वाळलेल्या आणि छतावर झुकलेल्या फांद्या काढणे, पोखरलेल्या झाडाची जाणकाराकडून तपासणी करून घेणे आणि वादळात लोकांना मोठ्या झाडाजवळच्या शेडमध्ये थांबू न देणे, यात चालढकल नको. झाडाचा पाला पन्हाळीत साचतो हे नुकसान त्यापुढे लहान, पण दरवर्षीचे.

पन्हाळीबद्दल एक हिशेब लक्षात ठेवावा. शंभर चौरस मीटरच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की पाच हजार लिटर पाणी खाली येते. असा पाऊस तासाभरातही पडतो. पन्हाळ पाल्याने तुंबली तर हे पाणी मागे फिरून पत्र्यांच्या जोडात शिरते आणि भिंतीच्या आतून उतरते. पन्हाळीला आउटलेटकडे सरळ उतार हवा. तिच्यात बुडाशी चिखल राहू लागला की वर्षा-दोन वर्षांत तिला भोके पडतात. खारपाणपट्ट्यात हेच पाणी टाकीत साठवून पिण्यासाठी वापरणारी घरे आहेत. तिथे पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि छताला शिशाचा अंश असलेला रंग कधीही लावू नये.

जमिनीचा भाग वऱ्हाडात विशेष काळजीचा आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आखडते. उथळ पायावरचा खांब तिच्याबरोबर वरखाली होतो. वीटभिंतीला तडा जातो तसा लोखंडी सांगाड्याला जात नाही. तो निमूट तिरका होतो, आणि मग पत्र्यांची छिद्रे जुळेनाशी होतात, शटर अडकते, जोड उघडतात. शटर दरवर्षी पावसाळ्यात अडकत असेल तर लोहाराला बोलावण्याआधी खांबाला ओळंबा लावून पाहावा. पाया मजबूत करणे महाग आहे, पण शेडभोवती मीटरभर रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा केला तर पायाजवळची माती वर्षभर सारख्या ओलीची राहते आणि बरीच हालचाल थांबते. खांबाचे बूड जमिनीत पुरलेले नसावे. जमिनीपासून वीतभर उंच काँक्रीटच्या चौथऱ्यावर ते बोल्टने बसलेले असावे आणि चौथऱ्याचा माथा बाहेर उतरता असावा. जुन्या शेडचे खांब थेट मातीत असतील, तर बुडाची माती खरवडून, लोखंड घासून, डांबरी रंगाचे दोन हात देऊन भोवती काँक्रीटची उतरती कड करावी.

रंग हा शेवटचा उपाय असूनही लोक तो पहिला करतात. गंजावर दिलेला रंग गंजासकट पापुद्र्याने निघतो. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने सुटा गंज पूर्ण काढणे, तेल-धूळ पुसणे, त्याच दिवशी प्रायमरचा एक हात देणे आणि वर रंगाचे दोन हात देणे, हा क्रम मोडू नये. घासण्याला रंगापेक्षा जास्त वेळ लागतो आणि लागायलाच हवा. नव्या जस्ती पत्र्यावर साधा ऑइल पेंट लावला तर तो काही महिन्यांत सालपटतो, कारण रंगातल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. तिथे जस्तासाठीचा वेगळा प्रायमर हवा. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या लोखंडावर रंग नीट पसरण्याआधीच वाळतो, पावसाळ्यात ओल अडकते. दव सुकल्यानंतरची सकाळ आणि दिवाळी ते शिवरात्र हा काळ हिवरखेडच्या हवेत रंगाला सर्वांत योग्य.

१८८९ मध्ये उभा राहिलेला पॅरिसचा आयफेल टॉवर सरासरी सात वर्षांनी रंगवला जातो आणि आजही ताठ आहे. त्याच्या वीस वर्षे आधी, १८६७ ते १८६९ या काळात मुंबईत वॉटसन हॉटेल बांधले गेले. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमधून सुटा आणून काळा घोडा भागात जोडला होता. पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ती इमारत अनेक भाडेकरूंमध्ये वाटली गेली, देखभाल कोणाचीच राहिली नाही, आणि २००५ साली तिच्या बाल्कन्यांचा भाग कोसळला. लोखंड दोन्हीकडे त्याच शतकातले. मालकी विखुरली की रंगाचा डबा कोणी घ्यायचा हा प्रश्न सुटत नाही. सामाईक गोदामे आणि मंदिरांचे सभामंडप यांनाही तोच धोका आहे, म्हणून तिथे एका माणसावर जबाबदारी आणि एक नोंदवही असावी.

विजेकडे दुर्लक्ष झाले तर जीव जातो. अँगलच्या छिद्रातून ओढलेल्या वायरचे आवरण घासून किंवा उंदराने कुरतडून फाटले की सगळ्या शेडमध्ये करंट उतरतो आणि पावसात ओल्या भिंतीला हात लावणाऱ्याला बसतो. वायर पीव्हीसी पाइपातूनच न्यावी, सांगाड्याला वेगळे अर्थिंग द्यावे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच बसवावा. कपडे वाळत घालायची तार टिनाला बांधू नये.

गंजलेला भाग कधी दुरुस्त करायचा आणि कधी बदलायचा, हे हातोडीच्या टोकाने ठरते. टोचल्यावर टणक आवाज आला तर घासून रंगवावे. टोक आत शिरले किंवा पापुद्रे सुटले तर तो तुकडा कापून बदलावा. पत्र्यावर छोटे भोक असेल तर वरच्या पत्र्याखाली सरकवून नवा तुकडा बसवता येतो, भोकावर नुसता एम-सीलचा गोळा एक उन्हाळाच टिकतो. दोन पत्र्यांच्या जोडात गंज भरून जोड फुगला असेल, तर समजावे की आत लोखंड बरेच गेले आहे, कारण गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पत्रा बदलता येतो. पर्लिन आणि कैची यांच्यात गंज शिरला असेल तर मात्र आधी ते बदलावे. जस्ती लोखंडाला वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत करावे. वेल्ड झाल्यावर त्या जागेला जस्तयुक्त रंग द्यावा, नाहीतर पुढचा गंज तिथेच उगवतो.

जुन्या शेडवर आता सौर पॅनल बसवले जात आहेत. पॅनल आणि त्यांचा सांगाडा मिळून चौरस मीटरला १२ ते १५ किलो भार येतो, म्हणजे पत्र्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक, आणि वाऱ्याला पकडायला नवी जागा मिळते. म्हणून पॅनलआधी पर्लिन आणि खांबांची बुडे अभियंत्याकडून तपासावीत, छताचे वायसर त्याच वेळी बदलावेत आणि पॅनलचे पाय पत्र्याला न जोडता पर्लिनला जोडावेत. पॅनल आणि टिन यांच्यात हात फिरेल एवढे अंतर ठेवले म्हणजे पाला अडकत नाही, खालचा पत्रा सुकतो आणि पुढे झाडायलाही जागा राहते.